दिल्ली विद्यापीठ फोटोकॉपी खटला

दिल्ली विद्यापीठ फोटोकॉपी खटला (२०१२–२०१७) हा भारतातील प्रताधिकारविषयक एक महत्त्वाचा दिवाणी खटला होय. अध्यापनासाठी पुस्तकांतील निवडक पानांच्या छायाप्रती काढून विद्यार्थ्यांना देणे हा प्रताधिकाराचा भंग ठरतो काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता.

पार्श्वभूमी

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस’ हे विद्यापीठाच्या परवान्याने चालणारे छोटे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली प्रकरणे निरनिराळ्या पुस्तकांतून झेरॉक्स करून तेथे एकत्र बांधली जात. अशा संचाला ‘कोर्सपॅक’ म्हणत. एका विषयासाठी वीस-तीस महागडी पुस्तके विकत घेणे सामान्य घरातील विद्यार्थ्याला शक्य नसते आणि ग्रंथालयातील एखाददुसरी प्रत सर्वांना पुरत नाही. झेरॉक्सच्या दुकानावर शिकलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावयास नको.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकान व विद्यापीठ या दोघांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने कोर्सपॅकच्या विक्रीस अंतरिम मनाई केली. त्यानंतर विद्यार्थ्यांची व अभ्यासकांची एकेक संघटना प्रकरणात सामील झाली. अनेक प्राध्यापकांनी दावा मागे घेण्याची विनंती केली. त्यांत ज्यांच्या पुस्तकांवरून वाद उद्भवला होता असे काही लेखकही होते, ही या खटल्यातील विशेष लक्षणीय बाब म्हणावी लागेल.

युक्तिवाद व निकाल

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रतिकृती हा भंग मानला जात नाही. ही सवलत वर्गातील एका शिक्षकापुरती व एका विद्यार्थ्यापुरती आहे, पैसे घेणाऱ्या दुकानदारास ती लागू नाही, असे वादींचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. प्रताधिकार हा नैसर्गिक वा ईश्वरदत्त हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून कायद्याने घातलेल्या मर्यादाही त्याला लागू होतात, असे त्यांनी स्पष्ट केले. विद्यार्थ्याने ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे चालत असेल, तर तेच काम यंत्राने केले म्हणून ते बेकायदेशीर होत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

प्रकाशकांनी अपील केले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग व न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने कायद्याचा हा अर्थ बव्हंशी कायम केला. ‘अध्यापनाचा ओघ’ केवळ तासापुरता नसतो, तर वर्षभराच्या शिक्षणप्रक्रियेला व्यापतो, असे खंडपीठाने म्हटले. किती पाने घेतली यापेक्षा ती अध्यापनास आवश्यक होती का, ही कसोटी ठरली. मात्र या कोर्सपॅकमधील मजकूर तसा आवश्यक होता का, हे पुराव्यावर ठरविण्यासाठी दावा पुन्हा सुनावणीस ठेवण्यात आला. म्हणजे सरसकट मुभा मिळाली, असा प्रचलित समज बरोबर नाही.

नंतरचा काळ

मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. प्रतिलिपी-हक्कांचे परवाने देणाऱ्या एका संस्थेने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळली. हा निकाल कागदावरील प्रतींपुरता होता. आंतरजालावरून शोधनिबंध मोफत उपलब्ध करून देणाऱ्या ‘साय-हब’विरुद्ध काही प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये याच उच्च न्यायालयात स्वतंत्र दावा दाखल केला.