दगड, दिवा आणि चिठ्ठी

१८५२ साली केंब्रिजचे गणितज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा सुमारे शंभर पानांचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. काही पदार्थांवर डोळ्यांना न दिसणारे किरण पडले की ते पदार्थ दिसू शकणाऱ्या रंगात उजळतात, ही घटना त्यांनी त्यात प्रयोगांनिशी मांडली. निबंधाच्या मुख्य मजकुरात त्यांनी या घटनेसाठी एक जड, पुस्तकी संज्ञा वापरली. पण एका तळटीपेत त्यांनी दुसराच शब्द सुचवला. ओपल या खनिजावरून जसा 'ओपलेसेन्स' हा शब्द झाला, तसा फ्लोरस्पार या खनिजावरून 'फ्लुओरेसेन्स' करावा, असा त्यांचा विचार होता. पुढे मजकुरातली संज्ञा विस्मरणात गेली आणि तळटीपेतला शब्द जगभर पसरला. आज मराठी शास्त्रीय लेखनात त्यासाठी 'प्रतिदीप्ती' असा शब्द आढळतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या तळटीपेकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते, कारण तीत शब्द घडवण्याची रीत उघड दिसते. स्टोक्स यांनी ज्या नमुन्यावर आपला शब्द बेतला, त्या 'ओपल'चे मूळ लॅटिन 'ओपालुस'मध्ये आहे, आणि 'ओपालुस'चा संबंध अनेक व्युत्पत्तिकार संस्कृत 'उपल' या शब्दाशी जोडतात. उपल म्हणजे दगड, मौल्यवान दगडही. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर भारतातून व्यापारी मार्गांनी पश्चिमेकडे गेलेला एक साधा शब्द दोन हजार वर्षांनंतर एका नव्या शब्दाचा साचा बनला, असे म्हणता येते. शब्दाचा दुसरा धागा, म्हणजे फ्लोरस्पार, हाही आपल्या परिसरापासून दूर नाही. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदा आहे. तिच्या पैलतीरी, गुजरातच्या आजच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, आंबा डोंगर नावाचा डोंगर आहे. देशातील फ्लोरस्पारच्या सर्वांत मोठ्या साठ्यांत त्याची गणना होते. या लेखाचा विषय तो डोंगर आणि त्याच्या ऐलतीरचा काळा कातळ आहे. अंधारात उजळणारे दगड जमवणे, त्यांची छायाचित्रे घेणे, या छंदाचा इतिहास आम्ही इथून पाहू इच्छितो.

प्रथम घटनेचे स्वरूप स्पष्ट करू. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात जांभळ्या रंगापलीकडेही काही आहे, हे योहान विल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये दाखवले होते. स्टोक्स यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पसरवला आणि क्विनाइनच्या द्रावणाची नळी त्या रंगपट्ट्यातून हळूहळू सरकवली. तांबड्यात, पिवळ्यात, हिरव्यात द्रावण नितळ राहिले. नळी जांभळ्याच्या पुढे, जिथे डोळ्यांना केवळ काळोख दिसतो तिथे आली, तेव्हा ती निळसर उजळली. आपल्याकडे क्विनाइन हिवतापाचे कडू औषध म्हणूनच घरोघर परिचित होते. सातपुड्यासारख्या हिवतापाच्या मुलखात त्याच्या पुड्या किती हातांतून गेल्या असतील! त्याच औषधाने अदृश्य किरणांची साक्ष दिली.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आपल्या वाङ्मयात प्रकाशणारे पदार्थ पुष्कळ आहेत. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात हिमालयातील वनौषधी रात्री तेलावाचून दिवे होतात. सूर्यकांत मणी सूर्यकिरणांनी पेटतो, चंद्रकांत मणी चांदण्यात पाझरतो, हा कविसंकेत तर सर्वपरिचित आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त रत्नपरीक्षेचे स्वतंत्र अध्याय आहेत. हे सारे वाचून 'आपल्या पूर्वजांना प्रतिदीप्ती ठाऊक होती' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते ना कवितेला न्याय देते ना विज्ञानाला. चंद्रकांत मणी खऱ्या दगडासारखा वागत नाही. तो विरहिणीसारखा वागतो, आणि त्याचे सौंदर्य त्यातच आहे. दख्खनच्या पोरांना मात्र एक खरा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आत पिवळसर उजेड फुटतो आणि जळका वास येतो. हीही दीप्तीच, पण घर्षणाची. अतिनील किरणांशी तिचा संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टींना वेगळी नावे देणे, ही चिकित्सेची पहिली पायरी होय.

'दगडात दडलेला प्रकाश' हा या विषयावरील लेखनातला आवडता शब्दप्रयोग आहे. तो चुकीचा आहे. दगडात प्रकाश दडलेला नसतो. बाहेरून आलेली अतिनील ऊर्जा दगडातील काही अणू शोषून घेतात, तिचा काही भाग उष्णतेत गमावतात आणि उरलेला भाग कमी ऊर्जेच्या, म्हणून दिसू शकणाऱ्या, प्रकाशाच्या रूपाने परत करतात. घेतले त्याहून परत केलेले कमी भरते, हा स्टोक्स यांच्याच नावाने ओळखला जाणारा नियम. भाषांतर करणाऱ्यांना हा हिशेब परिचयाचा वाटेल.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की हे काम बहुधा अशुद्धतेमुळे होते. निव्वळ शुद्ध कॅल्साइट काळोखात काळेच राहते. त्यात मँगॅनीजचा आणि सोबत शिशाचा अल्प अंश असला तर ते तांबूस वा गुलाबी उजळते. फ्लोराइटचा निळा उजेड बहुधा युरोपियम या मूलद्रव्याच्या अंशाने येतो. तो नसेल तर ज्या खनिजाने या घटनेला नाव दिले, तेही निमूट राहते. कॅल्सेडनीत आणि ओपलमध्ये युरेनियमचे अत्यल्प संयुग असले तर पोपटी हिरवा रंग दिसतो. उलट लोह हे मारक आहे. त्याचे प्रमाण वाढले की उजेड विझतो. ही अशुद्धतेची शंका भारतीय विज्ञानाच्या इतिहासातही निर्णायक ठरली. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत द्रवांमधून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, रंग बदललेला अंश दिसे, तेव्हा १९२३ च्या सुमारास तो अशुद्धतेमुळे आलेली दुबळी प्रतिदीप्ती मानला गेला होता. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले तरी तो अंश गेला नाही. १९२८ मध्ये त्यालाच 'रामन परिणाम' हे नाव मिळाले. पुढे बंगळूरच्या आपल्या संस्थेत रामन यांनी खनिजांचा मोठा संग्रह केला, आणि अतिनील दिव्याखाली उजळणारे दगड पाहण्यासाठी त्यात अंधारी जागा राखली होती.

आता ऐलतीरी येऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, पण त्याची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूवर्णन १८६९ मध्ये भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा मुलूख शास्त्रीय वाङ्मयात आहे. नंदुरबार आणि धुळे परिसरात दख्खनच्या लाव्ह्यातून आरपार गेलेल्या, भिंतीसारख्या उभ्या खडकांची, म्हणजे डाईकची, दाट रांग आहे. अभ्यासकांनी अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद केली असून काहींची लांबी कित्येक किलोमीटर भरते. शेतांमधून सरळ रेषेत गेलेले हे काळे कणे एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. बेसॉल्ट लोहसंपन्न आहे. अतिनील दिव्याखाली तो काळाच राहतो. पण लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले आणि झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी यांचे स्फटिक वाढले. काळोखात कातळ अदृश्य होतो आणि फक्त पोकळ्या दिसतात. दिवसा जे रिकामे वाटले तेच रात्री भरलेले निघते.

महाराष्ट्रातील अशा खनिजांचा मानबिंदू म्हणजे नाशिकजवळ पांडवलेणी परिसरातील खाणींत सापडलेले पॉवेलाइट. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम यांचे हे संयुग लघुलहरी अतिनील प्रकाशात मलईसारखे पिवळे उजळते, आणि त्याचे इतके मोठे, रेखीव स्फटिक जगात फार थोड्या ठिकाणी मिळाले आहेत. लेण्यांच्या शेजारी खडी फोडणाऱ्या खाणीतून ते आले, हे विसरता कामा नये. दख्खनची बहुतेक उत्तम खनिजे भूवैज्ञानिकाच्या हातोडीने निघालेली नाहीत. रस्ता, रेल्वे, विहीर किंवा खडी यांसाठी सुरुंग लावणाऱ्या आणि घण मारणाऱ्या मजुरांच्या हातून ती निघाली. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात लोहमार्ग खोदला गेला, तेव्हा कातळातून निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट युरोपातील संग्रहालयांत पोहोचले. त्यांच्याबरोबर गेलेल्या चिठ्ठ्यांवर 'पूना' एवढेच लिहिलेले असे. घाट, बोगदा, गाव, फोडणारा हात, यांपैकी काहीच चिठ्ठीवर आले नाही.

ही खोड जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला मोठ्या प्रमाणावर गोमेदासारखे दगड येत, अशी नोंद आहे. पैठण ही बाजारपेठ होती. दगड कुठल्या रानात निघाला, हे बाजारपेठेला सांगायचे नसते. आजही व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर 'नाशिक', 'जळगाव', 'पुणे' ही प्रतिष्ठित नावे येतात. नंदुरबार किंवा अक्राणी ही नावे ग्राहकाच्या कानाला ओळखीची नाहीत, आणि बाजार ओळखीचे नाव पसंत करतो. पाठभेद, हस्तलिखिताचे मूळ स्थान, लेखनिकाची पुष्पिका यांवर वर्षे खर्चणाऱ्या आपल्यासारख्यांना या चिठ्ठीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जागेवाचून दगड म्हणजे पुष्पिका फाटलेली पोथी.

छायाचित्राचेही तसेच आहे. अतिनील प्रकाशात काढलेले छायाचित्र पाहून वाटते की दगड असाच दिसतो. वस्तुतः ते अनेक निर्णयांचे फळ असते. २५४ नॅनोमीटरचा लघुलहरी दिवा वापरला की ३६५ नॅनोमीटरचा दीर्घलहरी, यावर तोच दगड लाल, निळा किंवा काळा दिसू शकतो. दिव्यातून गळणारा जांभळा उजेड गाळणीने अडवला नाही, तर सगळ्या चित्रावर खोटा जांभळेपणा पसरतो. तिपाईवर कॅमेरा ठेवून काही सेकंद उघडझाप रोखली, की डोळ्यांना अंधुक दिसलेला उजेड ढळढळीत होतो. पांढऱ्या रंगाचा समतोल कॅमेऱ्यावर सोडला तर तो स्वतःच्या कल्पनेने रंग ठरवतो. हे सारे करणे गैर नाही. न सांगणे गैर आहे. म्हणून जाणकार छायाचित्रकार दोन चित्रे शेजारी ठेवतो, एक दिवसाच्या उजेडातले आणि एक अतिनील, आणि खाली लहर, वेळ व जागा लिहितो. लघुलहरी किरण डोळ्यांना आणि कातडीला अपाय करतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेत, हेही नव्या उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवावे. घरातली जुनी ट्यूबलाइट ही याच तत्त्वावर चाले: आत पाऱ्याच्या वाफेचे २५४ नॅनोमीटरचे किरण, काचेच्या आतल्या अंगाला त्यांनी उजळणारी पूड. काच साधी असल्याने ते किरण बाहेर येत नसत. कित्येक पिढ्यांनी स्टोक्स यांच्या तळटीपेखाली अभ्यास केला.

शेवटी आंबा डोंगराकडे वळू. १९६३ मध्ये आर. एन. सुखेश्वाला आणि जी. आर. उदास यांनी तेथील खडक कार्बोनेटाइट असल्याचे प्रसिद्ध केले. कार्बोनेटाइट म्हणजे शिलारसापासून जन्मलेला, कार्बोनेट खनिजांनी बनलेला दुर्मिळ खडक. त्याचे वय दख्खनच्या लाव्ह्याइतकेच, सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पुढे कडीपाणी येथे फ्लोरस्पारचा प्रकल्प उभा राहिला. अलीकडे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांसाठीही या डोंगराचे नाव घेतले जाते. जगभरच्या भूविज्ञानाच्या नियतकालिकांत 'आंबा डोंगर' हे दोन शब्द छापले जातात. मराठी वाचकाला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या बोलींत डोंगर डोंगरच असतो. इथे बाजारपेठेचे नाव चिठ्ठीवर चढले नाही. स्थानिक माणसांनी दिलेले नाव जसेच्या तसे टिकले, हे आम्हांस विशेष वाटते.

पण त्या दोन तीरांमधली नर्मदा आता नदीसारखी वाहत नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांतले पहिले. घरे, शेते, देवस्थाने यांच्याबरोबर काठचे खडकही पाण्याखाली गेले. माणसांच्या विस्थापनापुढे दगडांचे दुःख सांगणे अप्रशस्त होईल आणि आम्ही ते सांगत नाही. सांगायचे इतकेच, की जुन्या एखाद्या पेटीत त्या काठचा दगड असेल आणि त्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव नीट लिहिलेले असेल, तर ती चिठ्ठी आता पुन्हा मिळवता न येणारे कागदपत्र आहे. दगडाला दिव्याखाली उजळायला क्षण पुरतो. गावाचे नाव मात्र कोणीतरी वेळेवर लिहून ठेवावे लागते.