अक्षौहिणीचा हिशोब

‘अक्षौहिणी’ म्हटलं की मोजता न येणारं सैन्य डोळ्यांपुढे येतं. पण हा शब्द मोघम नाही. त्याच्या पोटात नेमका आकडा आहे: २,१८,७००.

‘अक्ष’ म्हणजे रथाचा आस. मराठीतला ‘आस’ त्याचाच वंशज. ‘ऊहिनी’ म्हणजे समुदाय. ‘समूह’ आणि ‘व्यूह’ यांतला ‘ऊह’ तोच. नेहमीच्या संधीने इथे ‘ओ’ यायला हवा, आणि पुष्कळजण ‘अक्षोहिणी’ लिहितातही. पण कात्यायनाने पाणिनीच्या सूत्राला पुरवणी जोडून या शब्दात ‘औ’ पक्का केला.

महाभारताच्या आदिपर्वात सौती ऋषींना हा हिशोब समजावून सांगतो. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून ‘पत्ती’, म्हणजे १०. पुढे दर पायरीला तिप्पट: सेनामुख ३०, गुल्म ९०, गण २७०, वाहिनी ८१०, पृतना २,४३०, चमू ७,२९०, अनीकिनी २१,८७०. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. यातले काही शब्द मराठीत अजून नांदतात, फक्त आकडा टाकून. वर्तमानपत्रं अकरा खेळाडूंना चमू म्हणतात, पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात, आणि वाहिनी तर दूरचित्रवाणीची झाली.

सातदा तिप्पट करून शेवटीच दसपट का? मला ही पायरी बराच काळ खटकत असे. मग आठ नावं एका ओळीत मांडली आणि दोन्ही टोकांकडून जोड्या लावल्या. पत्ती गुणिले अनीकिनी: २,१८,७००. सेनामुख गुणिले चमू: तेच. गुल्म गुणिले पृतना, गण गुणिले वाहिनी: पुन्हा तेच! पत्ती दहाची आणि शेवटची उडीही दहाची, म्हणून हे जमतं; शेवटीही तिप्पटच केली असती, तर एकही जोडी जुळली नसती. रचणाऱ्याच्या मनात हे होतं असं म्हणायला आधार नाही, पण मांडणी विलक्षण देखणी आहे. अवयव पाडले तर दोनाचा वर्ग, पाचाचा वर्ग आणि तीनाचा सातवा घात, एवढंच हाती येतं. त्यातून ७२ विभाजक मिळतात. एवढं सैन्य कितीतरी तऱ्हांनी समान वाटता येईल.

अठराच्या योगायोगावर मात्र मी भर देणार नाही. रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. प्रत्येकाच्या अंकांची बेरीज अठरा येते, आणि पर्वंही अठरा, युद्धाचे दिवसही अठरा, म्हणून काहींना त्यात संकेत दिसतो. हे सगळे नऊच्या पटीतले आकडे, त्यामुळे अंकांची बेरीजही नऊच्याच पटीत येणार. कुरुक्षेत्रावरच्या अठरा अक्षौहिणी एकत्र केल्या तर ३९,३६,६०० होतात, आणि त्या अंकांची बेरीज आहे सत्तावीस.