काळी पेटी आणि मुले

इतिहास शिकवावयाचा म्हणजे सनावळी घोकून घ्यावयाची, ही समजूत आमच्याही अंगात मुरलेली होती. छायाचित्रणाचा इतिहास मुलांपुढे ठेवावयाचे योजिले, तेव्हा आम्ही १८३९ सालच्या पॅरिसपासून, दागेरच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यापासून आरंभ केला. मुले जांभया देऊ लागली. दुसऱ्या खेपेस घाटकोपरच्या एका खोलीच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद केल्या व कागदाला हरभऱ्याएवढे छिद्र पाडले. समोरची चाळ भिंतीवर उलटी उमटली. वाळत घातलेली लुगडी वरच्या बाजूस लोंबत होती! ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी खोली, हे मग कोणी विसरले नाही.

त्यानंतर जुन्या पेट्या हाती दिल्या. अॅग्फा क्लिक थ्री ही एके काळी आपल्या कित्येक घरांतील पहिली पेटी. एका गुंडाळीवर चित्रे बाराच. मोबाइलवर दिवसाला शंभर चित्रे काढणारी मुले त्या बारांची वाटणी करताना चांगलीच भांडली. १९०० साली ईस्टमनच्या कंपनीने एका डॉलरला ब्राउनी पेटी काढली, तीही मुलांवर नजर ठेवूनच.

परंतु श्रोतेहो, कॅमेरा ही साहेबाची वस्तू आणि आपण फक्त समोर उभे राहणारे, हा समज मुलांच्या मनातून काढणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते. आपल्या घाटकोपर-मुलुंडवरून ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ साली; पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळी काचेला चिकट कलोडियन लावून, ती ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवावे लागे. आपल्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल, हे मुलांनीच आम्हांला सांगितले.

बोरिवलीस कान्हेरीच्या लेण्यांत गेलो, तेव्हा एकोणिसाव्या शतकातील चित्रांच्या प्रती बरोबर होत्या. अशा जुन्या चित्रांत पुष्कळदा खांबाशेजारी एखादा माणूस उभा असतो. तो कशाला? एक मुलगा म्हणाला, “माप कळायला.” लगेच एका मुलीने विचारले, “मग त्याचे नाव का नाही लिहिले?” आम्ही निरुत्तर झालो.

परतताना, आमच्या माहितीच्या एका जुन्या छायाचित्रकाराच्या घरच्या काचा खरवडून तसबिरींना बसविल्याची हकीकत आम्ही सांगितली. पुढच्या रविवारी तीच मुलगी घरची तीन छायाचित्रे घेऊन आली. आजीला विचारून तिने दोहोंच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नावे लिहिली होती. तिसऱ्यातील बाई आजीलाही ओळखता आल्या नव्हत्या.