आप्पा पेंडसे यांचें प्रज्ञासंशोधन व त्याचीं साधनें

धाराशिव जिल्ह्याच्या परांडे तालुक्यांतील सोनारी हें काळभैरवनाथाचें क्षेत्र. अशा गांवीं गेलें असतां आपण सनदा, दानपत्रें व पोथ्या यांचा शोध करितों. परंतु तेथील मुलें काय व कशीं शिकत, हें विचारण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. शिक्षणाच्या इतिहासाचीं साधनें दुर्मिळ होतात तीं यामुळेंच. अलीकडील अशा एका उद्योगाचीं साधनें तरी वेळींच राखिलीं जावीं, एवढ्यासाठीं हें टिपण.

मानसशास्त्रज्ञ डॉ. विनायक विश्वनाथ ऊर्फ आप्पा पेंडसे यांनीं १९६२ मध्यें पुण्यास ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. बुद्धिमान मुलें कसोट्या लावून निवडावीं व त्यांची बुद्धि समाजकार्यास जोडावी, हा त्यांचा हेतु. १९६९ मध्यें प्रशाला सुरू झाली. १९८३ मध्यें आप्पा निवर्तले.

अमेरिकेंत जे. पी. गिल्फर्ड यांनीं १९५० मध्यें तेथील मानसशास्त्र-संघाच्या अध्यक्षपदावरून सर्जनशीलतेच्या अभ्यासाची उपेक्षा दाखवून दिली, व पुढें बुद्धीचे १२० घटक कल्पिले. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र-शाखेनें याच आराखड्याच्या आधारें कसोट्या रचल्या. गिल्फर्ड-पद्धतीचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे: विटेचे उपयोग सांगा. याचें एकच बरोबर उत्तर नसतें. उत्तरें किती, किती तऱ्हेचीं व किती अनपेक्षित, हें पाहावयाचें असतें. पोथी जशीच्या तशी उतरविणाऱ्या नकलकारास अवधान लागतें. त्रुटित ओळीचे अनेक संभाव्य पाठ सुचविणाऱ्यास निराळी शक्ति लागते. या दुसऱ्या शक्तीचाच हा शोध होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर प्रबोधिनीनें सोनारीच्याच जिल्ह्यांत, लोहारा तालुक्यांतील हराळी येथें, शाळा उभारली. पेंडसे यांच्या पश्चात् त्यांचें कार्य असें या भागांत पोहोंचलें.

आमचें म्हणणें इतकेंच. कसोटीचे गुण हा सारांश आहे. मुलाच्या हातची उत्तरपत्रिका हें अस्सल साधन. त्या काळच्या मुलास वीट कशाकशासाठीं उपयोगी वाटली, हें आंकड्यावरून कधींच कळणार नाहीं. गुण नोंदून उत्तरपत्रिका टाकून देणें म्हणजे पत्रसंख्या लिहून घेऊन पोथी नदींत सोडणें होय. तरी ज्या शाळांत व घरांत असे कागद असतील, ते नांव झांकून कां होईना, संशोधकांच्या दप्तरीं यावेत. सोनारीच्या जुन्या मुलांविषयीं जें आपण विचारलें नाहीं, तें आजच्या मुलांविषयीं तरी पुढील पिढीस विचारतां यावें.