घाटमाथ्यावर वळविलेलें पाणी

कळ दाबतांच दिवा लागतो. तो उजेड कोठून आला याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुंबईच्या जलविजेचा इतिहास मात्र शहरांत सुरू होत नाहीं, तो सह्याद्रीच्या माथ्यावर सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या कापडगिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि त्याचा धूर कामगारवस्तीवर पसरे. उलट, घाटमाथ्यावर चार महिन्यांत अमाप पाऊस पडे व तें पाणी इंद्रायणी, मुळा अशा नद्यांवाटे भीमेला मिळून पूर्व समुद्राकडे निघून जाई. हें पाणी माथ्यावरच अडवून पश्चिमेच्या कड्यावरून कोंकणांत सोडावें आणि त्याच्या वेगापासून वीज घ्यावी, ही योजना जमशेटजी टाटा यांनीं मनावर घेतली. १९०४ सालीं ते निवर्तले. त्यांच्यामागें १९१० सालीं कंपनी निघाली, १९११ सालीं लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह चालू झालें. पोलादी नळांतून सुमारें १७०० फूट खालीं झेपावणारें पाणी चक्रें फिरवूं लागलें, चक्रांनीं जनित्रें फिरूं लागलीं आणि तारांवरून वीज गिरण्यांत पोंचली.

या यशानंतर मुळशीची पाळी आली. मुळा व निळा यांच्या संगमाजवळील धरणानें मावळांतील सुमारें पन्नास गांवांना झळ पोंचणार होती. भातखाचरें, घरें, देवळें पाण्याखालीं जाणार होतीं. १९२१ सालच्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली ती याच लढ्यांत. परंतु पुष्कळ जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती. मोबदल्याच्या वाटाघाटींत त्यांचें समाधान झालें; जमीन कसणाऱ्याला मात्र पैशापेक्षां जमीनच हवी होती. ही फूट लढ्यास भोंवली. १९२४ सालच्या अखेरीस तो मावळला, बापटांना दीर्घ कारावास घडला आणि १९२७ सालीं भिरा येथील वीजगृह सुरू झालें.

भिऱ्याच्या चक्रांवरून उतरलेलें तें पाणी कुंडलिकेंत पडतें. म्हणूनच रोह्याजवळ ही नदी भर उन्हाळ्यांतहि वाहते. मुळशीच्या खाचरांना भिजवून पूर्वेस जाणारें पाणी आतां तेथून पश्चिम समुद्रास मिळतें.