डिझेल इंजिनाची शीतन यंत्रणा : धुलाई व निगा

इंधनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटमार्फत बाहेर नेणारी यंत्रणा. रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, पंखा व रबरी नळ्या हे तिचे भाग. जबलपूर शहराचा लष्करी ट्रकांशी जुना संबंध आहे : तोफगाडी कारखान्यात (स्थापना १९०४) १९५९ पासून ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागले, पुढे १९६९ मध्ये वाहन निर्माणी उभी राहिली. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा यंत्रणेतला छोटा दोषही उघड होतो.

मुख्य शत्रू क्षार. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो आणि उष्णता धातूतच अडकते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरावे. ओल्या लायनरच्या (बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या सिलिंडर-अस्तराच्या) मोठ्या इंजिनात कंपनामुळे फुटणारे सूक्ष्म बुडबुडे लायनरला खड्डे पाडतात. ते रोखणारी रसायने कूलंटमध्ये असावीच लागतात. नुसते पाणी ओतणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य घटवणे.

धुलाई इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी; गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास वाफेने गंभीर भाजते. रेडिएटर व ब्लॉक दोन्हींचे निचरा-बूच उघडून जुना द्रव काढावा, सफाईद्रव घालून इंजिन चालवावे, थंड झाल्यावर स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे. थर्मोस्टॅट काढून उलट्या दिशेने पाणी सोडल्यास अडकलेला गाळ सुटतो. नवे कूलंट सावकाश भरून हवा काढावी. ग्लायकॉल विषारी पण गोड असते, जनावरे ते चाटतात. निचरा उघड्यावर सोडू नये.