"सर, एक विचारायचं होतं": न भेटता घेतलेल्या सल्ल्याची जुनी गोष्ट



रात्री साडेदहानंतर माझ्या फोनवर येणाऱ्या मेसेजची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. "सर, एक विचारायचं होतं, राग मानू नका." पुढे कधी लेकराच्या तापाचा प्रश्न असतो, कधी आईच्या शुगरच्या रिपोर्टचा फोटो, कधी पाठीवर उठलेल्या पुरळाचा. कधी नुसतं "सर, थोडं खासगी आहे" एवढंच येतं आणि दोन मिनिटांनी तो मेसेज डिलीट झालेला असतो.

जालन्यात एवढी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर मला त्या डिलीट झालेल्या मेसेजची जास्त काळजी वाटते. तो माणूस आता कोणाला विचारणार, हा माझ्यापुढचा प्रश्न असतो.

अनेकांना वाटतं की डॉक्टरला न भेटता सल्ला मागायची सवय मोबाईलनं लावली. तसं नाही. ही सवय निदान अडीचशे वर्षं जुनी आहे आणि तिचा इतिहास तुमच्या-माझ्या उपयोगाचा आहे. आज तोच सांगतो.

पत्रातून तपासणी

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावात साम्युएल टिसो नावाचे डॉक्टर होते (१७२८ ते १७९७). त्यांना युरोपभरातून आजारी माणसांची पत्रं येत. कोणी स्वतः लिही, कोणाच्या वतीनं नातेवाईक किंवा गावातला दुसरा डॉक्टर लिही. त्यातली हजाराहून अधिक पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. पोट साफ होत नाही, झोप लागत नाही, डोकं दुखतं, अशक्तपणा वाटतो, अशा रोजच्याच तक्रारी त्यांत आहेत. माझ्या ओपीडीत बसून लिहिल्यासारख्या.

१७६१ साली टिसोंनी सामान्य लोकांसाठी आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं. डॉक्टर जवळ नसलेल्या खेड्यातल्या लोकांना मदत व्हावी, हा त्याचा हेतू. त्यात त्यांनी प्रश्नांची एक यादीच दिली. डॉक्टरकडे जाताना किंवा त्याला कळवताना वय काय, आजार किती दिवसांचा, सुरुवात कशी झाली, दुखतं कुठे, लघवी आणि शौच कशी होते, आतापर्यंत कोणती औषधं घेतली, अशा गोष्टींची उत्तरं तयार ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

विचार करा, २६० वर्षांपूर्वीच्या डॉक्टरचीही अडचण तीच होती. माणूस डोळ्यांपुढे नाही, हात लावता येत नाही. मग निदान विचारायचं ते तरी नीट विचारावं.

पण याच टिसोंची दुसरी बाजूही सांगायला हवी. १७६० साली त्यांनी हस्तमैथुनावर एक पुस्तक लिहिलं. त्या सवयीनं शरीर झिजतं, नजर जाते, बुद्धी मंद होते, असं त्यात ठासून सांगितलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की हे साफ चुकीचं आहे. पण टिसो नावाजलेले डॉक्टर. त्यांच्या पुस्तकाची भाषांतरं झाली, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि भीती देशोदेशी पसरली. त्या भीतीनं गांगरलेले लोक पुन्हा टिसोंनाच पत्रं लिहू लागले.

आपल्याकडे 'धातू जाणे' ही कल्पना आधीपासूनच होती. तिला पाश्चात्त्य डॉक्टरांच्या मताचाही आधार मिळाला. पुढे १९६० साली भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या भीतीतून येणाऱ्या थकवा, उदासी, चिंता या लक्षणांना 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. या मुलांचं शरीर ठणठणीत असतं. त्यांचा आजार भीतीचा असतो.

पोस्टकार्ड आणि टेलिफोन

१८७९ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. स्वस्तात मजकूर पाठवता येऊ लागला, पण उघड्या कार्डावर लाजेची गोष्ट कोण लिहिणार? त्याला पाकीटच लागे.

त्याच वर्षी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात टेलिफोनची एक हकिगत छापून आली. टेलिफोनचं पेटंट निघून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. मध्यरात्री लेकराला खोकला सुरू झाला. घशाला सूज येऊन श्वास कोंडणारा आजार तर नाही ना, या धास्तीनं घरच्यांनी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, बाळाला फोनजवळ धरा, खोकला ऐकू द्या. ऐकून त्यांनी सांगितलं की तो आजार नाही. घर शांत झोपलं.

मला ही हकिगत आवडते. डॉक्टरांनी नुसत्या वर्णनावर उत्तर दिलं नाही. आधी जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं, मग धीर दिला. आज मी तुम्हाला "व्हिडिओ कॉल करा, लेकराचा शर्ट वर करा, श्वास घेताना छाती दिसू द्या" म्हणतो, तेव्हा तेच करत असतो.

उत्तर दिलं म्हणून खटला

आता आपल्या मुलखात येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू होईपर्यंत चालवलं. या मासिकात वाचक पत्रानं खासगी प्रश्न विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत.

लोक एका गणिताच्या प्राध्यापकाला हे प्रश्न का विचारत होते? कारण विचारायला दुसरं कोणी नव्हतं. घरात हा विषय निघत नसे. डॉक्टरपुढे तोंड उघडत नसे, आणि उघडलं तरी डॉक्टर उपदेश करून परत पाठवी. कर्वे हसत नव्हते, दटावत नव्हते. वाचून, अभ्यासून सरळ भाषेत उत्तर देत होते.

डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न होते हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे. म्हणजे टिसोंनी १७६० साली पसरवलेल्या भीतीला पावणेदोनशे वर्षांनी उत्तर देणारा माणूस कोर्टात उभा होता. १९३४ साली मुंबईत त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की लोकांना हे प्रश्न पडतात म्हणूनच ते विचारतात. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानंच ते अश्लील ठरत नाही. अज्ञान घालवायचं तर ज्ञान द्यावंच लागेल.

ते खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्याआधीही एका लेखासाठी त्यांना शिक्षा झाली होती. तरी त्यांनी उत्तरं देणं थांबवलं नाही.

तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं १९५६ साली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात या भागात शिकलेला डॉक्टर गाठणंच अवघड होतं, मग खासगी प्रश्न विचारणं दूरच राहिलं. आज डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. तरी गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या भिंती अजून दिसतात आणि त्या बघून तरुण मुलं हजारो रुपये घालवतात. त्यांना डॉक्टर कमी पडले नाहीत. न हसता ऐकणारं माणूस कमी पडलं.

दुरून काय कळत नाही

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग काय, मेसेजवरच सगळं विचारू! थांबा. माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकरी भाऊंचा मेसेज आला. "डॉक्टर साहेब, लग्नात जेवण जास्त झालं, छातीत जळजळ होतेय, कोणती गोळी घेऊ?" मी गडबडीत होतो. ॲसिडिटीच्या गोळीचं नाव टाकलं आणि विसरलो. सकाळी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन दवाखान्यात आला. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम. ईसीजीत हार्ट अटॅक दिसत होता. वेळेवर पुढे पाठवलं, ते वाचले. पण हृदयाच्या स्नायूचं जे नुकसान रात्रीत झालं, ते झालंच.

त्यांना बारा वर्षांपासून शुगर होती. मेसेजमध्ये ते लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. शुगरच्या पेशंटला अटॅकमध्ये छाती फार दुखेलच असं नसतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या रात्री मात्र मलाच आठवलं नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट "साहेब, तुमच्यामुळे वाचलो" म्हणतात. ते ऐकताना मला अजून अवघड होतं.

आपल्याच जिल्ह्यातलं एक मोठं नाव घेतो. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी केंद्रात काम करताना विंचूदंशाचे रोगी त्यांच्यापुढे दगावत होते. ते रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, बदलणारं ब्लड प्रेशर आणि शेवटी फुप्फुसात भरणारं पाणी, हे सगळं त्यांनी टिपून ठेवलं. त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपयोग पुढे आला आणि असंख्य जीव वाचले. त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर हातपाय गार पडलेत का, हे रोग्याच्या अंगाला हात लावूनच कळतं. म्हणून "विंचू चावलाय, काय करू?" असा मेसेज आला तर माझं उत्तर एकच असतं: टाइप करत बसू नका, निघा.

आता नियम काय सांगतो

२५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर मेसेज, फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देऊ शकतो. पण दोघांनाही एकमेकांची ओळख कळायला हवी, डॉक्टरनं नोंद ठेवायला हवी आणि काही औषधं, विशेषतः नशा किंवा सवय लावणारी, अशी लिहून देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासणी हवी असं डॉक्टरला वाटलं तर तो कोणत्याही टप्प्यावर तसं सांगू शकतो. सरकारची 'ई-संजीवनी' सेवाही आहे. तिथे घरबसल्या मोफत सल्ला मिळतो.

म्हणजे माझा तो दोन शब्दांचा रिप्लाय 'सहज' नव्हताच. तोही वैद्यकीय सल्लाच होता. वाक्य लहान असलं तरी जबाबदारी पूर्ण असते.

तर मग कसं विचारायचं?

टिसोंची यादी मी आपल्या सोयीनं अशी करून ठेवली आहे:

१. रोग्याचं वय आणि तुमचं त्याच्याशी नातं लिहा.
२. त्रास कधीपासून आहे आणि वाढतोय की कमी होतोय, ते सांगा.
३. शुगर, बीपी, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.
४. आतापर्यंत काय-काय घेतलं ते लपवू नका. मेडिकलवरून आणलेली गोळी, गावठी औषध, सगळं सांगा.
५. फोटो पाठवायचा तर उजेडात काढून पाठवा. रिपोर्टचं पूर्ण पान पाठवा.
६. दुसऱ्याला दिलेला सल्ला स्वतःसाठी वापरू नका आणि पुढे फॉरवर्ड करू नका.

आणि हे मेसेजवर विचारूच नका: छातीत दुखणं किंवा घामासह जळजळ, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, फिट येणं, बेशुद्ध पडणं, साप-विंचू चावणं, विषारी फवारणीचा त्रास, दूध न ओढणारं किंवा सुस्त पडलेलं तान्हं बाळ. अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या दवाखान्यात जा. मला नंतर कळवलं तरी चालेल.

राहिला तो डिलीट केलेला मेसेज. तो पाठवणाऱ्या मुलांना आणि ताईंना एवढंच सांगतो: तुमचा प्रश्न मी याआधी शेकडो वेळा ऐकला आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हेच प्रश्न लोकांनी कर्व्यांना नव्वद वर्षांपूर्वी पाकिटात घालून पाठवले आणि त्यांची उत्तरं देताना त्या माणसानं दंड भरला. मला तर दंडही भरावा लागत नाही. त्यामुळे मेसेज डिलीट करू नका. उत्तराला थोडा उशीर होईल, आणि कदाचित मी "एकदा येऊन भेटा" एवढंच म्हणेन. म्हटलं तर मात्र नक्की या.

काळजी घ्या.